गच्चीवर मंजूर झालेली घटना

सव्वीस नोव्हेंबर जवळ आला की मला फोन येऊ लागतात. राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक वर्षातले बाकीचे दिवस काय करतो, याची लातुरात कोणी चौकशी करत नाही. पण संविधान दिनाला वक्ता लागतो. मी एसटीनं जातो, एसटीनं येतो आणि मानधनाचं नाव काढत नाही, त्यामुळे चाकूर, रेणापूर, शिरूर अनंतपाळकडे माझं बरं चालतं. प्रत्येक ठिकाणी एक शाल मिळते. शाली इतक्या झाल्यात की बायको त्या फ्रीजवर आणि वॉशिंग मशीनवर टाकते. सबंध जिल्ह्यात इतके सत्कार झालेलं वॉशिंग मशीन दुसरं नसेल.

भाषण मात्र एकच आहे. देशानं घटना कशी लिहिली. नुकताच स्वतंत्र झालेला देश, फाळणीचे लोंढे रस्त्यावर, धान्याची टंचाई, आणि दिल्लीत काही माणसं एका गोल दालनात बसून एकेका शब्दावर दिवसचे दिवस वाद घालतायत. हे सगळं सांगून झालं की मी शेवटचं पान काढतो. त्याला मी मनातल्या मनात ‘रिकाम्या खुर्च्या’ म्हणतो.

घटना समिती बसली तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. समितीत हैदराबाद संस्थानासाठी जागा होत्या, पण निजामानं माणसं पाठवली नाहीत. पुढे पोलीस अ‍ॅक्शन झालं, निजामाची सत्ता गेली, तरी त्या जागा काही भरल्या नाहीत. तिकडे कलमामागून कलम मंजूर होत होतं आणि आपल्या वाट्याच्या खुर्च्या तशाच होत्या. घटना तयार झाली आणि निजामाच्याच फर्मानानं ती आपल्याला लागू झाली. माझे वडील त्या काळात चाकूरकडच्या एका खेड्यात उर्दू शाळेत जाणारा पोरगा होते. म्हातारपणी ते म्हणायचे, “लई झ्याक लिहिली बग घटना. पर आपल्याला कुणी इचारलं न्हाई.”

हे वाक्य मी वडिलांच्या आवाजात म्हणतो. मग जरा थांबून शेवट करतो: “आपल्याविषयी आत ठरत असावं आणि आपण दाराबाहेर उभं असावं, हे दुःख मराठवाड्याला कोणी शिकवायची गरज नाही.” टाळ्या इथे येतातच. कुठे थांबलं की टाळ्या येतात, हे इतक्या वर्षांत मला चांगलं कळलंय.

आमच्या इमारतीत हे भाषण एकाच माणसानं पूर्ण ऐकलं होतं. तळमजल्यावरचा भाडेकरू. तो मूळचा नांदेडचा. पंख्यांच्या आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं, माइक-स्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान बापापासून चालत आलेलं. सासुरवाडी लातूरची, म्हणून त्यानं इथे दुसरं दुकान टाकलं होतं. घरात बायको, एक मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई. टाउन हॉलमधल्या कार्यक्रमाला माइक त्याचाच होता, त्यामुळे त्याला भाषण ऐकण्यावाचून पर्याय नव्हता, असं मी धरून चाललो होतो. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यानं मला अडवलं.

“सर, ते खुर्च्यांचं लई भारी बोललात. अब्बांना फोन करून सांगितलं मी. अब्बा म्हणले, सच्ची बात हाय.”

तेव्हापासून मी दिसलो की तो हातातलं काम ठेवून उभा राहायचा. मला असलं आवडत नाही, असं मी बायकोला सांगत असे. ती म्हणायची, “हो ना. म्हणूनच दिवसातून दोनदा खाली जाता.”

त्या वर्षी पाऊस कमी झाला. लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं ही तक्रार राहिलेली नाही, ते आता आमचं कॅलेंडर आहे. पाणी आमच्या अंगात मुरलंय ते वेगळ्या तऱ्हेनं. पाहुणा आला तर आम्ही त्याला अर्धा ग्लास पाणी देतो. यात कंजुषी नाही. त्यानं मागितलं तर पुन्हा अर्धा देतो. उष्टं पाणी मोरीत ओतावं लागू नये, एवढ्यासाठी ही रीत पडली. बाहेरगावचे लोक त्या ग्लासाकडे बघतच राहतात.

नळाचं पाणी आमच्या इमारतीच्या जमिनीखालच्या हौदात पडतं आणि मोटारीनं गच्चीवरच्या टाक्यांत चढतं. तिथून प्रत्येक घराला पाइप आहे. तळमजल्याच्या घराला तेवढा नाही, कारण बिल्डरनं पार्किंगच्या जागेला भिंती घालून ते घर मागाहून काढलं आणि विकून मोकळा झाला. तिथला भाडेकरू हौदाचं झाकण उघडून दोरीनं बादली सोडायचा आणि ड्रम भरायचा. घराचा मालक पुण्याला. तो फोनवर म्हणायचा, “सोसायटीनं लिहून द्यावं, मी उद्या लाइन टाकतो.” भाडेकरूचं सगळं त्या लिहून देण्यावर अडलेलं होतं. हौदाशी वाकणं त्याच्या बायकोला झेपत नव्हतं आणि तो दिवसभर दुकानात. लाइन मिळाली तर राहायचं, नाही तर नांदेडला परत जायचं, असं त्यांच्या घरात ठरत आलं होतं.

आणि सोसायटी कुठे होती? नोंदणीच झाली नव्हती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर राहतात. पाणी नसलेल्या जिल्ह्यात त्यांनी पाटबंधाऱ्यांची नोकरी सन्मानानं पूर्ण केली, त्यामुळे त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. ते स्वतःला सचिव म्हणवून घेत. एका रविवारी ते आमच्याकडे आले.

“सर, एवढ्या मोठ्या देशानं स्वतःची घटना लिहिली. आपण बारा बिऱ्हाडं न्हाई लिहू शकत? तुमच्यासारखा माणूस हाय आपल्यात.”

मसुदा समिती झाली. अध्यक्ष मी, सचिव ते, आणि सदस्य म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे मेडिकलवाले, कारण त्यांच्याकडे लेटरहेड छापून देणारा ओळखीचा होता. वयाच्या या टप्प्यावर मला मसुदा समितीचं अध्यक्षपद मिळेल असं वाटलं नव्हतं. मी रात्रंदिवस नसलो, तरी दुपारची झोप सोडून लिहीत होतो. आधी उद्देशिका लिहिली. “आम्ही, या इमारतीचे रहिवासी...” अशी सुरुवात. त्यात सलोखा होता, समता होती, जिन्यात चपला न ठेवण्याचा निर्धार होता. मला ती फार आवडली. बायकोला वाचून दाखवली.

“छान आहे,” ती म्हणाली. “खालच्यांच्या पाइपाचं कुठे येतं?”

“ते कलमांत येईल.”

कलमांत मी लिहिलंही होतं: हौदातल्या पाण्यावर इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क राहील. भाडेकरूला हे जिन्यातच सांगून टाकलं. तो छातीवर हात ठेवून हसला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं आमच्याकडे शीरखुर्म्याची वाटी पाठवली. ईद नव्हती, काही नव्हतं.

समितीच्या बैठकीत सचिवांनी ते कलम वाचलं आणि चष्मा काढला.

“सर, भावना चांगली हाय. पर भाषा कायदेशीर पायजे. ‘कुटुंब’ न्हाई चालत. ‘सभासद’ लिहा. आन सभासद म्हंजे, इमारतीत राहणारा मालक.”

“पण मग भाडेकरू?”

“भाडेकरूचा मालक वर राहत आसंल तर त्याच्यामार्फत भेटंल की पाणी. कोचिंगची पोरं राहतात की दोन फ्लॅटांत. त्यांचे मालक इथंच हायत. त्यांचं काय अडलं?”

म्हणजे अडणार होतं ते एकाच घराचं. घटना लिहिणारी माणसं कलमात कुणाचं नाव घालत नाहीत. आमच्या कलमाला नाव नव्हतं, पत्ता होता.

मेडिकलवाले म्हणाले, “आन खरं सांगू का सर, खर्च बी बघा पाण्याचा. दिवसातून पाच-पाच येळा हातपाय धुणं चालतंय.”

माझी बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “भाऊजी, तुमच्या पिंडीवर रोज सकाळी तांब्यानं तांब्यानं ओतता, ते पाणी कुठल्या हौदातलं असतं?”

“वहिनी, ते देवाचं हाय.”

“आणि खालचं ते पाच वेळचं कोणाचं असतं?”

सचिवांनी घाईनं विषय बदलला. “सर, तुमची उद्देशिका मात्र लांब झाली. फ्रेममधी बसत न्हाई. निम्मी करू.”

इथे जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. उद्देशिका कापायची म्हटल्यावर माझा जीव वर-खाली झाला. मी बाजू लढवली. शब्दाशब्दाला लढवली. उद्देशिकेत एक वाक्यही उगाच नसतं, घटनेचा आत्मा तिथे असतो, वगैरे. अखेर सचिव उदार झाले. “बरं, ऱ्हाऊ द्या सगळी. मग कलम आमच्या म्हणण्यासारखं.” आणि मी मान हलवली. मनात मी त्याला तडजोड म्हणालो. दिल्लीतही तडजोडी झाल्याच होत्या, हे मी तीस वर्षं शिकवलं होतं. तिथे कोणी एक पाइप देऊन एक परिच्छेद घेतला होता का, हे मात्र मला आठवलं नाही.

बायको कप गोळा करून आत गेली. त्या रात्री ती माझ्याशी भाजीच्या मिठापुरतंच बोलली.

मी भाडेकरूला सांगायला हवं होतं. जिन्यात दोनदा भेट झाली. एकदा मी पाऊस पडेल का यावर बोललो, एकदा मोबाइल कानाला लावून वर निघून गेलो. मोबाइल बंद होता.

सव्वीस नोव्हेंबरला संध्याकाळी गच्चीवर कार्यक्रम ठेवला. देशाची घटना ज्या दिवशी स्वीकारली, त्याच दिवशी आपलीही स्वीकारावी, ही सूचना माझी. देशाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांची तसबीर खुर्चीवर ठेवून हार घातला. शेजारी फ्लेक्सवाल्याकडून करून आणलेली आमची घटना: नक्षीची सोनेरी किनार, वर सिंहांच्या जागी इमारतीचा फोटो. माइक, स्पीकर आणि वायरी भाडेकरूनं वर आणल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. आईला खुर्चीसकट दोघांनी धरून गच्चीवर आणलं होतं, कारण सरांनी लिहिलेलं तिला ऐकायचं होतं.

सगळे उभे राहिले. आधी देशाची उद्देशिका झाली, मग माझी. “आम्ही, या इमारतीचे रहिवासी,” मी म्हणायचो आणि मागून सगळे. त्यात त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. माइकची सवय असलेली माणसं मोकळेपणी बोलतात. उद्देशिका संपली तशा टाळ्या झाल्या.

मग सचिव माइकवर आले. “आता कलमांवर मतदान. ही बैठक फक्त सभासदांची हाय. बाकीच्यांनी कृपया... खाली चहाची येवस्था हाय.”

कोचिंगची पोरं चहाच्या ओढीनं उड्या मारत गेली. भाडेकरू माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला वाटत होतं, मी काहीतरी बोलेन. काहीतरी चूक झालीय, सर बोलतील. मी कागद चाळू लागलो. चाळण्यासारखे कागद नव्हते, एकच होता.

“हाव, चालतंय की,” तो म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन हळूच: “सर, माइक चालू ठिवू का बंद करू?”

“राहू द्या,” मी म्हणालो.

आईला खुर्चीसकट उतरवलं, मागून मुलगी उतरली. जिन्यात वळताना खुर्चीचा पाय कठड्याला लागल्याचा आवाज आला.

सचिवांनी कलमं वाचली. चपला, कुत्री, लग्नाचे मांडव, हौद. चपलांवर बरीच खडाजंगी झाली. चपलांचं स्टँड दाराच्या किती बाहेर येऊ शकतं यावर दोन गट पडले. हौदाच्या कलमावर कोणी बोललं नाही. धर्माचा तर शब्दही निघाला नाही. संविधान दिनाला तेवढी सभ्यता आम्ही पाळतो. सचिव म्हणाले, “पाण्याचं कलम. हात वर करा.” हात वर झाले. अध्यक्षानं जाहीर करायचं असतं. मी माइकवर म्हणालो, “मंजूर.”

बायको आमचं घर माझ्या नावावर असल्यानं सभासद नव्हती. हे मी कलम लिहिताना बघितलंच नव्हतं. तीही खाली चहाला गेली होती. पाचेक मिनिटांनी ती वर आली, माझ्या खुर्चीमागे वाकली आणि म्हणाली, “स्पीकरचं तोंड जिन्याकडे आहे. खाली सगळं ऐकू येतंय. तुमचं ‘मंजूर’ तर फारच स्वच्छ आलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वायरी न्यायला आला. बायकोनं दार उघडलं, मी मागे उभा. मी काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं.

“सर, आवाज बरुबर होता ना?” त्यानं विचारलं.

तो टोमणा होता की धंद्यातला नेहमीचा प्रश्न, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

“चांगला होता,” मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात सचिवांनी हौदाच्या झाकणाला कुलूप घातलं, घटनेनुसार. आमच्या टाकीतून बायको रोज तळमजल्यावरच्यांच्या दाराशी दोन बादल्या नेऊन ठेवायची. ते घ्यायचे, पण बादल्या घासून परत यायच्या, इतक्या चकचकीत, की आम्हाला त्या वापराव्याशा वाटत नसत. थंडी संपायच्या आत ते नांदेडला गेले. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा सचिवांनी स्वतः पुढे होऊन गेटाजवळच्या चपला बाजूला केल्या.

पाडव्याच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडली: सभासद म्हणजे इमारतीत राहणारं प्रत्येक कुटुंब. मी मोठ्या लढाईच्या तयारीनं गेलो होतो. सचिव म्हणाले, “आता काय हरकत हाय सर. करा की.” मेडिकलवाल्यांनी अनुमोदन दिलं. एकमतानं मंजूर, टाळ्या. देशाला पहिल्या दुरुस्तीसाठी वर्षाच्या वर लागलं होतं, आमची त्याआधीच झाली. तळमजल्याला कुलूप होतं. मालकानं विनातक्रार पाइप टाकून घेतला, भाडं वाढवून जाहिरात दिली: ‘चोवीस तास पाणी’. अजून कोणी आलेलं नाही.

पुढच्या संविधान दिनाला नांदेडहून बोलावणं आलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण खालच्या भाडेकरूचा पत्ता काढला, फोन केला, आणि दुपारी त्याच्या घरी जाऊन बसलो. घर जुनं, दुकानाच्या मागेच. त्यानं उठून दोन्ही हातांत माझा हात घेतला. आई आतून भिंतीला धरत धरत स्वतः पाणी घेऊन आली. काठोकाठ भरलेला मोठा ग्लास.

“अर्धा चालेल,” मी सवयीनं म्हणालो.

“पूरा पिओ सर,” ती म्हणाली. “इत्ता दूर से आए.”

मी पूर्ण प्यायलो. मला तहान नव्हती. मग मी दुरुस्तीचं सांगितलं. सांगताना माझ्याच कानांना ते निकाल लागल्यावर उत्तर आठवल्यासारखं वाटत होतं.

“अच्छा झालं,” तो म्हणाला. “नव्या माणसाला तरास न्हाई.” एवढंच. मग मोटारींचं, मुलीच्या शाळेचं बोलत राहिला.

संध्याकाळी तो पहिल्या रांगेत येऊन बसला. शेजारी मुलगी, शाळेच्या गणवेशात, वही मांडीवर. मी तेच भाषण सुरू केलं. फाळणी, धान्य, गोल दालन. शेवटचं पान आलं. समोर ते दोघं होते. वडिलांचं वाक्य मला त्यांच्या आवाजात म्हणता येईना. मी “एवढं बोलून थांबतो” म्हणालो आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या, त्या मात्र उशिरा. लोकांना भाषण संपल्याचं कळलं नव्हतं.

शाल अंगावर घेऊन मी दाराशी आलो तर ते दोघं थांबले होते.

“सर, खुर्च्यांचं राहिलं आज,” तो म्हणाला.

“वेळ नव्हता.”

वेळ होता. अध्यक्षीय भाषण अजून चालू होतं, आणि तिथून उठायची कोणालाच घाई नव्हती.

“हिला मुद्दाम आणलं होतं त्याच्यासाठी. म्हणलं, सगळ्यात शेवटी येतंय ते, नीट ऐक.”

मुलीनं वही उघडली. मग मी तिथे दारात उभ्या उभ्या तिला सांगितलं. मोठी सभा होती. आपल्यासाठी खुर्च्या होत्या. त्या रिकाम्या राहिल्या.

तिनं लिहून घेतलं. “मग मंजूर कुणी केलं?”

“जे हजर होते त्यांनी,” मी म्हणालो.

तिची पेन्सिल थांबली. तिनं वर माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. मग ते वाक्य न लिहिताच वही मिटून दप्तरात घातली.

“चला सर,” तो म्हणाला, “तुमाला लातूरच्या गाडीत बसवून देतो.” माझ्या हातातला नारळ त्यानं घेतला आणि आम्ही तिघं स्टँडकडे चालत निघालो.